आमची वाटचाल : नखाएवढा सेन्सर आणि त्याचा पसारा

नागपुरात ‘आम्ही पाण्याचं काम करतो’ असं सांगितलं की समोरचा आधी आरओ मशीनचा भाव विचारतो, मग वीस लिटरच्या कॅनचा. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात यातलं काहीच मिळत नाही. आम्ही सेन्सर बनवतो. पाण्यात मोकळा क्लोरीन किती, पीएच किती, अमोनियम किती, हे नळावर किंवा कारखान्याच्या पाइपावर बसून चोवीस तास मोजणारे छोटे रासायनिक सेन्सर. खरं काम करणारी पट्टी नखाएवढी, ती ज्यात बसते ते कार्ट्रिज अंगठ्याएवढं, आणि ते आत शिरतं अर्ध्या इंचाच्या टॅपिंगमधून, म्हणजे पाइपाला पाडलेल्या भोकातून. जुनं काढायचं, नवं हाताने फिरवून बसवायचं. पाना लागत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे, पण तिथवर यायला बरीच वर्षं गेली. हल्ली इंजिनिअरिंगची पोरं गाळ्यावर येतात आणि विचारतात, ‘मॅडम, इतकं छोटं करायची टेक्नॉलॉजी कुठून आणली?’ टेक्नॉलॉजी पुस्तकात आहे. छोटं कशासाठी करायचं, हे पुस्तकात नव्हतं. ते आम्हाला बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, ऑपरेटरने आणि उमरेडकडच्या एका जलसुरक्षकाने, म्हणजे ग्रामपंचायतीसाठी रोज पाणी तपासणाऱ्या माणसाने, शिकवलं. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मी एलआयटीची, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ती संस्था, तिथे केमिकल शिकले. माझा भागीदार व्हीएनआयटीचा, इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याचे वडील त्या कॉलेजला अजूनही जुन्या नावाने, व्हीआरसीईच म्हणतात. कंपनी काढण्याआधी मी पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. काटोल, भिवापूर, रामटेक अशा चहूकडून बाटल्या यायच्या. कुणी एसटीतून, कुणी मोटरसायकलच्या डिकीतून, भर उन्हात. त्यात क्लोरीन मोजायचा म्हणजे गंमतच. क्लोरीन उन्हाने आणि वेळेने उडून जातो, म्हणून तो जागेवरच मोजायचा असतो. बाटली टेबलावर येईस्तोवर आकडा शून्याजवळ, आणि अहवालात तो शून्य छापून गावाकडे परत. गावाने ब्लिचिंग पावडर टाकलीच नव्हती, की टाकली होती आणि वाटेत उडाली, हे त्या कागदावरून कुणालाच कळायचं नाही. नायट्रेट, फ्लोराइड यांचं तसं नाही, ते बाटलीत बसून राहतात. पण ज्या आकड्यावर आजच्या आज काही करायचं असतं, तो नेमका बाटलीतून प्रवास करत नाही.

तर मोजणारी वस्तूच पाण्यापाशी नेऊन ठेवायची, असं ठरलं. आता पाण्यापाशी ठेवायची वस्तू स्वस्त हवी, आणि स्वस्त व्हायची तर लहान हवी. इथवरचा विचार कुणीही करेल.

पीएचचा काचेचा इलेक्ट्रोड आमच्या पिढीने कॉलेजात हाताळलेला. पहिली कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि आजही बहुतेक कारखान्यांत तोच. अचूक आहे, पण नाजूक, महाग, आणि त्याचा रोध इतका प्रचंड की शेजारच्या पंपाचा ड्राइव्ह सुरू झाला तरी रीडिंग थरथरतं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात पीट बर्गवेल्ड यांनी १९७० साली काचेऐवजी थेट ट्रान्झिस्टरच पाण्यात बुडवला. त्याला आयएसफेट म्हणतात. सिलिकॉनची चिप, काच नाही, फुटायचा प्रश्न नाही. आम्हीही आधी त्याच वाटेने जायचं म्हणत होतो. आयआयटी मुंबईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रात बाहेरच्यांनाही काम करता येतं, मोहालीला सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळा आहे, माहिती सगळी काढली. पण सिलिकॉनचं गणित लाखांच्या संख्येत बसतं, आणि आम्ही शेकड्यांनी विकणार होतो. पीएचसाठी आजही आम्ही आयएसफेट चिप तयार विकत घेतो आणि भोवतालचं सगळं स्वतः करतो. बाकी सेन्सरसाठी मात्र छपाईचा रस्ता धरला.

मधुमेहाच्या साखरेच्या पट्ट्या ज्या पद्धतीने छापतात, तीच ही पद्धत. जाळीतून शाई दाबायची. शाई म्हणजे कार्बनची किंवा चांदीची पेस्ट, आणि खाली कागदाऐवजी सिरॅमिक किंवा पॉलिएस्टरची पट्टी. बाहेरच्या मशीनचं कोटेशन आलं ते पाहून भागीदार म्हणाला, एवढ्यात तर हिंगण्याला प्लॉट येईल. मग मी नागपुरातल्या महाल भागातल्या एका स्क्रीन प्रिंटरकाकांकडे गेले. लग्नपत्रिका, स्टिकर, पिशव्या हा त्यांचा धंदा. त्यांना सांगितलं, ही काळी रेघ छापायची आहे, सगळीकडे सारखी जाड. काकांनी पेस्टमध्ये बोट बुडवून चोळून पाहिलं, म्हणाले, ‘ताई, ही शाई घट्ट आहे. जाळी मोकळी घ्या आन् स्क्वीजी उभी नका धरू, जरा झोपवा.’ मेशचा नंबर, फ्रेमचा ताण, स्क्वीजीच्या, म्हणजे शाई ओढायच्या पट्टीच्या, रबराचा कडकपणा, सगळं त्यांच्या हातात होतं. तोंडाने सांगता येत नव्हतं, करून दाखवत होते. मी डिजिटल कॅलिपरने मोजत होते. त्यांनी छापलेल्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतला फरक शोधनिबंधांत दिलेल्या फरकापेक्षा कमी निघाला. पुढे ते आठवड्यातून दोन सकाळी आमच्याकडे येऊ लागले. मात्र लग्नसराई लागली की येणं बंद, तेव्हा आम्ही गाळ्यावर बसून राहायचो. शेवटी त्यांच्याच पुतण्याला आम्ही कामावर घेतलं. आज छपाई विभाग तोच सांभाळतो.

छापलेला कार्बन नुसता काहीच ओळखत नाही. ओळखायचं काम त्यावरचं मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, करतं. साधारण एक तृतीयांश पीव्हीसी, जवळपास दोन तृतीयांश प्लास्टिसायझर (पीव्हीसी मऊ ठेवणारा द्रव) आणि टक्काभर आयनोफोर, म्हणजे तो रेणू जो आपल्याला हवा तोच आयन पकडतो. पोटॅशियमसाठी व्हॅलिनोमायसिन, अमोनियमसाठी नोनॅक्टिन. दोन्हीचे भाव मिलिग्रॅमवर सांगतात. हे सगळं टीएचएफ नावाच्या द्रावकात विरघळवायचं आणि पिपेटने एक थेंब कार्बनच्या गोलावर सोडायचा. टीएचएफ ६६ अंशांना उकळतं. नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे. पत्र्याच्या छताखाली दुपारी थेंब टाकला की कडा आधी वाळते, मधला भाग आत ओढला जातो, आणि मेम्ब्रेन कडेला जाड, मधे पातळ. असा सेन्सर पहिल्या दिवशी छान चालतो आणि नंतर कुठे जाईल याचा नेम नाही. एसी लावला, कामाची वेळ पहाटे सहाची केली. तरी सारखेपणा येईना. आमच्याकडे वानाडोंगरीहून येणारी एक बी.एस्सी. झालेली मुलगी होती. तिने थेंब टाकला की लगेच त्यावर काचेची पेट्री डिश उलटी ठेवायला सुरुवात केली. आत बाष्प कोंडतं, वाळायला रात्र लागते, पण पृष्ठभाग सपाट. प्रयोगशाळांतली माणसं हे करतातच. आमच्याकडे ते तिने स्वतःच्या डोक्याने केलं, आणि तेव्हापासून थेंब टाकण्याच्या टेबलावर शेवटचा शब्द तिचा.

याहून चिवट दुखणं मेम्ब्रेनच्या खाली होतं. मेम्ब्रेन आणि कार्बन यांच्या मधे काही आठवड्यांत पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा साचतो. मग रीडिंग हळूहळू सरकतं. कुठे जातं, किती जातं, काही नियम नाही. पाण्याला दूर ठेवणारा थर मधे घातला, कार्बनची शाई बदलली, तेव्हा सरकणं कह्यात आलं. थांबलं म्हणणार नाही. जो सेन्सरवाला ‘आमचं रीडिंग सरकतच नाही’ म्हणेल, त्याच्याकडून माल घेऊ नका.

नीरी नागपुरात आहे याचा आम्हाला किती फायदा झाला, हे बाहेरगावच्या लोकांना पटत नाही. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झालेली ही संस्था. १९७४ पासून तिचं नाव नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. वर्धा रोडवरच्या त्या आवारातून निवृत्त झालेली, पाण्यात आयुष्य घालवलेली माणसं शहरात जागोजागी आहेत, आणि फोन केला तर घरी बोलावतात, चहा पाजतात, आणि तुमच्या वस्तूतली खोट दहा मिनिटांत काढून दाखवतात. असेच एक सर आमचा पहिला चकचकीत नमुना उलटसुलट पाहून म्हणाले, ‘हा नको. तीन महिने गटारात राहिलेला आणा, मग बोलू.’ आम्ही आणला. त्यावर चिकट शेवाळी थर होता आणि रेफरन्स मेलेला होता.

हा रेफरन्स म्हणजे आमच्या धंद्याचं खरं प्रकरण. वर्तमानपत्रात, भाषणात, स्टार्टअपच्या सादरीकरणात कुणी त्याचं नाव घेत नाही. पण विद्युत दाब मोजायचा तर दोन टोकं लागतात. एक टोक आयन ओळखतं, दुसऱ्याने जागचं हलायचं नसतं. हे न हलणारं टोक म्हणजे चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड, आणि ते स्थिर राहतं भोवतीचं क्लोराइड स्थिर असेल तरच. क्लोराइड दहापट बदललं की त्याचा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकतो. पीएच एका अंकाने बदलला तर २५ अंशांना सेन्सरही तेवढाच, ५९.१६ मिलिव्होल्ट सरकतो. म्हणजे पाण्याचं क्लोराइड बदललं आणि यंत्राने पीएच बदलला असं सांगितलं, यात यंत्राचा दोष नाही. म्हणून या टोकाभोवती पोटॅशियम क्लोराइडचं घट्ट द्रावण कोंडून ठेवतात, आणि ते एका सूक्ष्म छिद्रातून पाण्याला टेकलेलं असतं. टेकलेलं असल्यामुळे ते झिरपून संपत जातं. काचेच्या मोठ्या इलेक्ट्रोडमध्ये ते भरपूर मावतं, वर्ष निघतं. नखाएवढ्या पट्टीवर मावतो एक थेंब. तो किती दिवस पुरणार?

ओळखणारं टोक हवं तेवढं लहान करा, कुणी अडवत नाही. रेफरन्स लहान केला की आयुष्य गेलं. आम्ही जेल करून पाहिलं, मीठ रेझिनमध्ये घट्ट बसवून पाहिलं, छिद्र आणखी बारीक करून पाहिलं. नवतप्याच्या उन्हात जेल वाळून तडकायचं, पावसाळ्यात बाहेरच्या ओलाव्याने फुगायचं. शेवटी जे टिकलं त्यात नखाएवढ्या सेन्सरच्या पाठीशी अंगठ्याएवढी रेफरन्सची कोठडी आहे. वरातीत नवरदेव किडकिडीत आणि घोडा धिप्पाड असावा, तसं ते दिसतं. भागीदाराला त्याची लाज वाटायची, ग्राहकाने आजवर एकदाही विचारलं नाही. उन्हाचा दुसरा परिणाम, म्हणजे पीएचच्या एका अंकामागचा दाब (उतार) तापमानाबरोबर बदलतो तो (४५ अंशांना तो सुमारे ६३ मिलिव्होल्ट होतो), त्याचं मात्र काही वाटत नाही. तो हिशेबात बसतो, सर्किट आपोआप दुरुस्त करतं. हिशेबात न बसणारं तेवढं जेल.

आता बुटीबोरी. लोखंडावर जस्ताचा थर देणारा एक मध्यम कारखाना. थर देण्याआधी लोखंड आम्लात बुडवून धुतात, ते आम्लाचं पाणी ईटीपीत येतं, चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने उदासीन करायचं, आणि सोडताना पीएच ५.५ ते ९ च्या आत हवा. ऐकायला सोपं. पण आम्लाचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. पीएच २ चं तीव्र आम्ल घेतलं तर २ वरून ३ वर येईस्तोवर ९० टक्के आम्ल संपलेलं असतं, ४ वर येताना आणखी ९ टक्के, आणि ४ ते ७ हा सगळा प्रवास उरलेल्या एका टक्क्याचा. म्हणजे सुरुवातीला पंपाने कॉस्टिक कितीही ओता, आकडा हलत नाही, आणि मग एका घोटात पाणी ७ ओलांडून ११ वर. ऑपरेटर मग आम्ल ओततो. मग पुन्हा कॉस्टिक. महिनाअखेरीस रसायनाचं बिल पाहून मालक ओरडतो.

त्यांच्याकडे उत्तम परदेशी पीएच इलेक्ट्रोड होता. तो केमिस्टच्या कपाटात, कुलपात. तपासणी असली की बाहेर यायचा. इतका महाग होता की वापरायची कुणाची हिंमत नव्हती! जो टाकीत होता तो चुन्याने पांढरा झालेला, आणि तोही टाकीच्या अगदी शेवटी, जिथे पाणी पोचायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांपूर्वीच्या पाण्यावर आत्ताचा पंप चालणार तर तो घोटाळाच करणार. आमचा सेन्सर लहान असल्यामुळे तो ढवळणीच्या लगेच पुढच्या पाइपात बसवता आला, अर्ध्या इंचाच्या भोकातून. डोसिंग दोन टप्प्यांत केलं: पहिल्या टाकीत जाड हाताने ४ पर्यंत, दुसरीत बारीक हाताने ७ पर्यंत. ओलांडणं थांबलं. मालक खूष, आम्ही त्याहून.

ऑपरेटर मात्र गप्प होता. निघताना मी विचारलं, भाऊ, काही अडचण? तर म्हणाला, ‘मॅडम, चांगलं आहे, पन याले साफ कोन करन? आन् बफरमंदी बुडवून तो आकडा जमवाचा, ते आमाले नाही जमत. तुमी गेल्यावर हे बी कपाटातच जाईन.’

बफर म्हणजे ४, ७ आणि ९.२ अशा ठरलेल्या पीएचच्या त्या गोळ्या-बाटल्या. कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा बफरशी जुळवणं, ही आम्हा रसायनवाल्यांची संध्या. तिच्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पण रात्रपाळीच्या ऑपरेटरने ती करावी ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या वाक्यानंतर आम्ही डिझाइन उलटं केलं. सेन्सर जास्तीत जास्त टिकवण्याची धडपड कमी केली आणि तो बदलणं जास्तीत जास्त सोपं केलं. कार्ट्रिजमध्येच छोटी मेमरी चिप घातली. कॅलिब्रेशन आमच्या गाळ्यात होतं, त्याचे आकडे त्या चिपमध्ये लिहिले जातात, कार्ट्रिज फिरवून बसवलं की मीटर ते वाचून घेतो. ऑपरेटरला बफर नको, ब्रश नको. दिवा लाल झाला की जुनं काढा, नवं लावा. कार्ट्रिजची किंमत इतकी ठेवली की ते कपाटात ठेवण्याच्या लायकीचं वाटू नये. लहान करण्याचा उपयोग हा: वस्तू लहान झाली की तिच्यात माल कमी लागतो, माल कमी लागला की ती टाकून देता येते, आणि टाकून देता येते म्हणून ती प्रत्यक्ष वापरली जाते. काही वर्षं आम्ही टिकाऊपणाच्या मागे धावत होतो, म्हणून मला याची किंमत कळते.

ऑनलाइन मॉनिटरिंगबद्दलही एक सांगून टाकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला लावली, तेव्हापासून या धंद्यात पैसा आला. त्याबरोबर बादलीही आली. काही ठिकाणी मोजणारा प्रोब (पाण्यात बुडवायचं टोक) नाल्यात नसतो, शेजारी स्वच्छ पाण्याच्या बादलीत निवांत बसलेला असतो आणि सर्व्हरवर सुंदर आकडे पाठवत असतो. आम्ही आमच्या मीटरला एक खोड लावून ठेवली आहे: रीडिंग बराच वेळ अजिबात हललं नाही तर तो स्वतःच शंका नोंदवतो, कारण खऱ्या सांडपाण्याचा आकडा कधीच स्थिर नसतो. यामुळे दोन-तीन ऑर्डरी गेल्या. जाऊ द्या.

गावाकडचं काम वेगळं. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं आणि घरोघरी नळ येऊ लागले, तशी क्लोरीनची विचारणा वाढली. नियम साधा: शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. रोज ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की नोंदवहीत लिहायचं, हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. मोजण्यात दोन गोम आहेत. एक, आमच्यासारखा सेन्सर मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल ओळखतो, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. ७.५ ला निम्मं, ८ ला जेमतेम पाव. म्हणून क्लोरीनच्या शेजारी पीएच सेन्सर लागतोच; तो वगळून स्वस्तात देणारे आहेत, त्यांचा आकडा पाण्याबरोबर डोलतो. दुसरी गोम पुस्तकात सापडली नाही: गावात पाणी येतं तासभर, उरलेला दिवस पाइप कोरडा. कोरडा सेन्सर म्हणजे मेलेला सेन्सर. त्यावर आम्ही पाइपला खाली वाकवलेला एक छोटा कप्पा दिला, नळ बंद झाला तरी त्यात पाणी साठून राहतं, आणि मीटर फक्त पाणी वाहताना मोजतो, कारण साठलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो.

उमरेडच्या पुढे एका गावात हा बसवला. आठवडाभरात जलसुरक्षकाचा फोन, ‘ताई, तुमचं मशीन बिघडलं. मी दुप्पट टीसीएल टाकून राहिलो, तरी ते काहीच नाही दाखवत.’ टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. गेलो. मी सोबत ओटीची बाटली नेली होती. नळाखाली नळी धरली, पाच थेंब टाकले, हलवलं. रंग आला नाही. त्याने स्वतःच्या बाटलीतून करून पाहिलं, तरी नाही. मग आम्ही दोघं टाकीखालच्या खोलीत गेलो. टीसीएलची गोणी पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, तोंड उघडं, उन्हाने भिंत तापलेली. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो. उष्णतेने आणि ओलाव्याने तो निघून जातो आणि उरतो नुसता चुना. तो इमानेइतबारे रोज चुना टाकत होता, आणि अंदाजाने वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहीत होता. त्याला कुणी रागावलं नाही, गोणी सावलीत नेली, डबा दिला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा त्याने कार्ट्रिज स्वतः बदललं होतं, जुनं धुऊन माझ्यासाठी पिशवीत ठेवलं होतं, आणि शेजारच्या गावच्या जलसुरक्षकाला बोलावून ‘असं फिरवाचं’ म्हणून दाखवत होता. आमचा विक्री विभाग म्हणाल तर तोच.

पैशाचं थोडक्यात. मीटर विकून आमचं घर चालत नाही, कार्ट्रिज विकून चालतं. कारखाने घासाघीस करतात पण देतात. सरकारी कामात टेंडर, अनुभवाचं प्रमाणपत्र, तीन वर्षांची उलाढाल. नव्या कंपनीकडे यातलं काय असणार? मग मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि तो म्हणतो, मला मिळाले की देतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची तरतूद आहे. एका कार्यालयाकडच्या कामाचं बिल अडकलं तेव्हा आम्ही तो कायदा दाखवला; समोरचे गृहस्थ हसले आणि पाणी मागवलं. तेव्हापासून गावाचं काम घेताना कार्ट्रिजचे पैसे आगाऊ, आणि हे सांगताना मी आता अवघडत नाही.

दोन गोष्टींना आम्ही नाही म्हणतो. एक फ्लोराइड. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर आणि आमच्या जिल्ह्यातही बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, पोरांच्या दातांवर डाग दिसतात, त्यामुळे विचारणा सतत. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर दीड. पण फ्लोराइडचं काम आजही लँथनम फ्लोराइडचा स्फटिकच नीट करतो, फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ साली काढलेला. तो छापता येत नाही, आणि मोजण्याआधी पाण्यात बफर मिसळून पीएच पाचच्या आसपास आणावा लागतो. शिवाय बोअरचं फ्लोराइड तासातासाला बदलत नाही; त्याला महिन्याची बाटली पुरते. जिथे बाटली पुरते तिथे सेन्सर विकणं मला पटत नाही. दुसरी गोष्ट नाग नदी. कुणी ना कुणी हौशी माणूस दरवर्षी म्हणतो, नदीत सेन्सर लावू या. लाव्हाच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीमार्गे शहरातून जाणारी, पुढे कन्हानला आणि वैनगंगेला मिळून गोसीखुर्दपर्यंत पोचणारी ही नदी आहे खरी, पण तिच्यात काय आहे ते पुलावरून जाताना नाकाला कळतं. आकड्यावर कुणी पंप फिरवणार असेल, झडप उघडणार असेल, तरच आम्ही सेन्सर लावतो.

त्याच न्यायाने सध्या हातात घेतलंय ते अमोनियमचं काम. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या वसाहतीचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आहे. त्याच्या वीजबिलात सगळ्यात मोठा वाटा टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा, आणि ब्लोअर रात्रंदिवस एकाच गतीने चालतो, मैला असो वा नसो. टाकीतलं अमोनियम मोजून ब्लोअरची गती ठरवायची, असा बेत आहे. अडचण नोनॅक्टिनची. ते अमोनियम आणि पोटॅशियम यांत जेमतेम दहापट फरक करतं, आणि सांडपाण्यात पोटॅशियम भरपूर. म्हणून एकाच पट्टीवर शेजारी व्हॅलिनोमायसिनचा दुसरा गोल छापला आहे. तो पोटॅशियम मोजतो आणि मीटर तेवढं वजा करतो. उन्हाळ्यात आकडे प्रयोगशाळेशी बरे जुळले. पावसाळ्यात मैला पातळ होतो, तेव्हा वजाबाकी टिकते का ते बघायचं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोवर बिलाचा विषय काढू नका म्हणून सांगितलंय. कार्ट्रिजचे पैसे मात्र आगाऊ घेतलेत.